कंपन्यांच्या नोकरवर्गाचें श्रमदान : त्याची योजना कशी आखावी

गेल्या दहाबारा वर्षांत औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गांवांत एक नवीन रीत दिसूं लागली आहे. कारखान्यांतील व कचेऱ्यांतील नोकरवर्ग एखाद्या शनिवारीं मोटारगाड्यांतून गांवीं येतो, अर्धा दिवस चर खणतो, रोपें लावतो अगर शाळेच्या भिंती रंगवितो, आणि दुपारचें जेवण आटोपून परत जातो. त्या मंडळींत ह्यास स्वेच्छाकार्य म्हणतात. आपल्याकडे श्रमदान हा शब्द रुळलेला आहे, तोच येथें वापरला आहे. अशा मंडळींस गांवीं बोलवावें कीं नाहीं, आणि बोलवावयाचें तर कोणत्या कामास, असा प्रश्न संघाच्या सभासदांकडून वारंवार येतो. कंपन्यांचे अधिकारीही 'आमच्या माणसांना कांहीं काम सांगा' असें म्हणत ग्रामपंचायतींत येतात, व सरपंच बापडे तोंडास येईल तें काम सांगून मोकळे होतात. दोन्ही पक्षांचा हेतु चांगला असून काम मात्र मधल्यामध्यें वाया जातें. सबब ह्या विषयाचा जरा बारकाईनें विचार करणें जरूर आहे.

प्रथम कायदा पाहूं, कारण पैसा व माणसें ह्यांची गल्लत तेथेंच होते. कंपनी कायदा, २०१३, ह्याचें १३५ वें कलम ता. १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. त्या वेळीं ठरलेली मर्यादा अशी कीं, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये अगर त्याहून अधिक असेल, त्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेंकडा २ इतका भाग लोकोपयोगी कामांवर खर्च करावा. कोणतीं कामें लोकोपयोगी समजावीं त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टांत दिलेली आहे. तींत ग्रामविकास आहे, शिक्षण आहे, आणि माती, पाणी व इतर नैसर्गिक संपत्तीचें रक्षण हेंही आहे. कंपनी जेथें धंदा करते त्या भोवतालच्या मुलखास अग्रक्रम द्यावा, असेंही कलमांत लिहिलें आहे. म्हणजे कारखान्याच्या शेजारच्या गांवानें मागणी करणें ही भीक नव्हे. कायद्यानेंच त्या गांवाचा विचार आधीं करावयास सांगितला आहे.

आतां नोकरवर्गाच्या श्रमाचें काय? कंपनी व्यवहार मंत्रालयानें २०१६ च्या जानेवारींत एक खुलासा काढला व २०२१ च्या ऑगस्टांतील खुलाशांत तोच कायम केला. त्याचा मतलब असा कीं, नोकरांनीं अशा कामांत भाग घ्यावा ह्यास कंपन्यांनीं जरूर उत्तेजन द्यावें. तथापि नोकरांनीं विनामूल्य दिलेल्या सेवेची रुपयांत किंमत करून ती शेंकडा २ च्या खर्चांत धरतां येणार नाहीं. ही गोष्ट प्रत्येक सरपंचानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोन टक्क्यांचा पैसा हें एक खातें आणि नोकरवर्गाचे हात हें दुसरें खातें. 'यंदा आमचीं दोनशें माणसें तुमच्या गांवीं येऊन राबलीं, आतां बंधाऱ्याला पैसा कोठला?' असें कोणी म्हणाल्यास, दोन्ही खातीं निराळीं आहेत हें नम्रपणें पण स्पष्ट सांगावें.

ही चाल मुळांत आपली नव्हे. अमेरिकेंतील टिंबरलँड नांवाच्या पादत्राणें करणाऱ्या कंपनीनें १९९२ सालीं, नोकरांस वर्षांतून ठराविक तास भरपगारी सुटी देऊन लोककार्यास मोकळें सोडण्याची पद्धति सुरू केली, व पुढें अनेक कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें. आपल्या देशांत टाटा समूहानें २०१४ सालीं 'टाटा एंगेज' ह्या नांवानें अशी योजना काढली. तींत 'प्रोएंगेज' म्हणून एक शाखा आहे. तिच्यांतील नोकर फावल्या वेळांत कांहीं महिनेपर्यंत एखाद्या संस्थेस आपल्या अंगच्या विद्येचें साहाय्य देतो. एका दिवसाचें अंगमेहनतीचें काम व कांहीं महिन्यांचें विद्येचें काम असे हे दोन निराळे प्रकार आहेत, आणि माझ्या मतें शेतकऱ्याचें खरें हित दुसऱ्यांत आहे. तें कां, हें हिशेबानेंच दाखवितों.

समजा, शंभर माणसें एका डोंगरउतारावर सलग समतल चर खणण्यास आलीं. चराची रुंदी ६० सेंटिमीटर व खोली ३० सेंटिमीटर धरली, म्हणजे दर मीटर लांबीस ०.१८ घनमीटर माती निघते. मुरमाड जमिनींत सवयीचा गडी दिवसभरांत एक ते दीड घनमीटर माती काढतो. शहरांतील मनुष्य खुर्चीवर बसणारा. सकाळीं नऊला आला, नाश्ता झाला, भाषण झालें, टिकाव हातीं घेईपर्यंत साडेदहा वाजले, आणि एक वाजतां ऊन सोसेनासें झालें. अडीच तासांत दर माणशीं ०.२ घनमीटर माती निघाली तरी पुष्कळ म्हणावयाची. शंभर माणसांची मिळून २० घनमीटर, म्हणजे सुमारें १११ मीटर चर. तो एकदां पूर्ण भरला तर त्यांत २०,००० लिटर पाणी मावतें, म्हणजे पांच हजार लिटरचे चार टँकर. इतकेंच काम उत्खननाचें यंत्र एकदोन तासांत उरकतें, आणि त्या यंत्राचें भाडें ह्या मंडळींस आणणाऱ्या दोन बसगाड्यांच्या भाड्याहून पुष्कळच कमी भरतें.

गांवाच्या बाजूचा खर्च तर कोणी मांडीतच नाहीं. पाहुणे यावयाचे म्हणून आदल्या दिवशीं दहा गडी आंखणी करतात, दुसऱ्या दिवशीं वीस गडी व तितक्याच बाया पाणी, चहा, स्वयंपाक व टिकावफावडीं पुरविण्यांत गुंततात. हीं पन्नास माणसें त्याच दिवशीं स्वतः खणावयास लागलीं असतीं तर शंभर पाहुण्यांच्या दुप्पट काम झालें असतें. मी रोजगार हमीच्या कामांचे हजेरीपट पुष्कळ वर्षें तपासले आहेत. हातीं आलेली मापें कामाच्या वर्णनापेक्षां नेहमीं कमी बोलतात, पण खरें बोलतात.

ह्यावरून पाहुण्यांचें अंगमेहनतीचें श्रमदान निरुपयोगी असा मात्र कोणी अर्थ काढूं नये. पाणी फाउंडेशन ह्या संस्थेची 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा २०१६ सालीं वरूड, कोरेगांव व अंबाजोगाई ह्या तीन तालुक्यांतील ११६ गांवांत सुरू झाली, आणि सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याचें वेळू हें गांव पहिलें आलें. २०१८ सालीं ती ७५ तालुक्यांपर्यंत गेली व २०१९ पर्यंत चालली. त्या २०१८ च्या वर्षीं ता. १ मे रोजीं, महाराष्ट्र दिनीं, शहरांतील लोकांस 'जलमित्र' म्हणून गांवोगांव महाश्रमदानास बोलविलें होतें, व त्यांत नोकरदार मंडळी पुष्कळ होती. परंतु तेथील व्यवस्था पाहा. स्पर्धेचा काळ एप्रिल-मे महिन्यांतील ४५ दिवसांचा. गांवच्या निवडक स्त्रीपुरुषांनीं पाणलोटाच्या कामाचें शिक्षण आधींच घेतलेलें. माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोणतें काम कोठें व्हावयाचें हें ठरलेलें, आंखणी झालेली, आणि गांव रोज पहांटे स्वतः खणीत असलेलें. पाहुणा एक दिवस आला तो चालत्या कामांत येऊन मिळाला. त्याच्यासाठीं काम काढावें लागलें नाहीं. महिनाभर राबून थकलेल्या गांवाला शहरचीं माणसें येऊन आपल्याबरोबर टिकाव मारतात ह्याचा जो हुरूप चढतो, तो घनमीटरांत मोजतां येत नाहीं हें मीही कबूल करतों. जें गांव स्वतः खणीत नाहीं, त्यानें पाहुण्यांकडून खणवून घेण्याच्या भानगडींत पडूं नये.

आतां विद्येच्या कामाकडे वळूं. आपल्यापैकीं पुष्कळजण हल्लीं शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सभासद आहेत, कित्येक संचालकही आहेत. २०२० सालीं केंद्र सरकारनें दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था काढण्याची योजना हातीं घेतल्यापासून अशा कंपन्यांची संख्या पुष्कळ वाढली. कंपनी काढतांना सगळे उत्साहांत असतात. खरेदीविक्रीही जमते. परंतु वार्षिक सभा झाली म्हणजे तीस दिवसांच्या आंत जमाखर्चाचें पत्रक व साठ दिवसांच्या आंत वार्षिक विवरण सरकारांत दाखल करावें लागतें, हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. उशीर झाल्यास प्रत्येक पत्रकास दर दिवशीं १०० रुपये जादा फी पडते. दोन्ही पत्रकें एक वर्ष राहिलीं तर ३६,५०० व ३६,५०० मिळून ७३,००० रुपये होतात. चारपांचशें सभासदांनीं हजार हजार रुपये घालून उभारलेल्या भांडवलांतून एवढी रक्कम केवळ कागद वेळेवर न गेल्यामुळें जावी, ह्यासारखें दुर्दैव नाहीं. एवढ्यावरही भागत नाहीं. लागोपाठ तीन वर्षें पत्रकें गेलीं नाहींत तर कायद्याच्या १६४ व्या कलमाप्रमाणें संचालक पांच वर्षेंपर्यंत त्याच कंपनींत पुन्हां नेमले जाण्यास अगर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे संचालक होण्यास अपात्र ठरतात. सोयाबीन अगर कांदा चांगला पिकविणारा मनुष्य असा कागदाच्या पायीं अपात्र ठरलेला पाहिला म्हणजे वाईट वाटतें.

हें काम ज्यांच्या हातचा मळ आहे अशीं माणसें शेजारच्या वसाहतींतील प्रत्येक मोठ्या कारखान्यांत बसलेलीं आहेत. त्यांच्यापैकीं दोघांनीं महिन्यांतून दोन शनिवार आपल्या उत्पादक कंपनीच्या दप्तरांत बसून वहीखातें, वस्तु व सेवा कराचीं विवरणें, सभेच्या नोटिसा व ठरावांचें पुस्तक हीं नीट लावून दिलीं, तर वर्षअखेर शंभर माणसांनीं खणलेल्या चरापेक्षां अधिक पैसा गांवांत राहील. येथें तीन गोष्टी संभाळाव्या. कंपनीच्या पूर्णवेळ नोकरींत असलेल्या हिशेबनीसास आपल्या कंपनीचा वैधानिक हिशेबतपासनीस म्हणून सही करतां येत नाहीं. त्यासाठीं स्वतंत्र व्यवसाय करणारा सनदी लेखापालच लागतो. दुसरें, बँकेचा संकेतशब्द अगर संचालकाची अंकीय सही मदतनिसाच्या हातीं कदापि देऊं नये, मग तो कितीही सज्जन असो. ह्यांत त्याचेंही रक्षण आहे. तिसरी व मुख्य गोष्ट, काम करतांना आपला एक लिहितांवाचतां येणारा तरुण अगर तरुणी त्याच्या शेजारीं बसलीच पाहिजे. सहा महिन्यांनीं त्याची बदली झाली म्हणजे वही मिटून ठेवावी लागली, असें होतां कामा नये.

आमच्या तालुक्यांतील एका गांवची उपसा सिंचन संस्था मला ठाऊक आहे. एका उन्हाळ्यांत तिच्या दोन मोटारी तीन वेळां जळल्या, आणि दर खेपेस वाइंडिंगचा खर्च होऊन वर आठ आठ दिवस ऊंस कोरडा राहिला. शेजारच्या कारखान्यांतील तीन अभियंते श्रमदानासाठीं काम शोधीत होते. त्यांस गटारें साफ करावयास सांगण्याऐवजीं संस्थेच्या चिटणिसानें पंपघर दाखविलें. तीन रविवार ते आले. फूटव्हॉल्व्ह गळत होता, पंप व मोटार एका रेषेंत नव्हतीं, कपॅसिटर केव्हांच निकामी होऊन लोंबत होता, आणि कमी दाबावर मोटार आपोआप बंद करणारें यंत्र कोणी तरी तार जोडून कायमचें झोंपविलें होतें. अर्थिंगचा तर पत्ताच नव्हता. सामानाचा खर्च संस्थेनें केला, अक्कल त्यांनीं दिली, आणि जातांना पंपघराच्या भिंतीवर दर पंधरवड्यास काय काय पाहावें ह्याची मराठींत यादी लिहून ठेवली. पुढील उन्हाळ्यांत एकही मोटार जळली नाहीं. ह्या तिघांचें छायाचित्र कोठें छापून आलें नाहीं. तें यावयास हवें होतें असें मला वाटतें.

उलट प्रकारही त्याच तालुक्यांत झाला. एका कंपनीनें ता. ५ जूनला, पर्यावरण दिनाच्या मुहूर्तावर, एका माळावर पांचशें रोपें लावलीं. तारखेचा अट्टाहास असा कीं, पाऊस पडो न पडो, रोप त्याच दिवशीं खड्ड्यांत गेलें पाहिजे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण कोंकणांत साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर पोंचतो व देशावर त्यानंतर कांहीं दिवसांनीं. त्या वर्षीं तो आणखी लांबला. खड्डे त्याच सकाळीं उकरलेले, हातभरही खोल नव्हते. पंधरवड्यांत बहुतेक रोपें वाळलीं, आणि जीं उरलीं तीं आषाढांत शेळ्यांनीं संपविलीं. माळावर कंपनीच्या नांवाचा लोखंडी फलक मात्र अजून उभा आहे. त्याच्या सावलींत गुराखी बसतात, तेवढाच त्याचा उपयोग.

ह्यावरून दिनमानाचा मुद्दा निघतो. कंपनीचें वर्ष ३१ मार्चला संपतें, आपलें वर्ष मृगाला सुरू होतें. दोन्ही पंचांगें जुळविल्याशिवाय योजना यशस्वी होत नाहीं. फेब्रुवारी-मार्चमध्यें, खर्च संपवावयाचा म्हणून, कंपन्यांची सर्वांत अधिक धांवपळ असते, आणि नेमक्या त्याच वेळीं आपल्याकडे गहूं-हरभऱ्याची काढणी, कांद्याची भरणी व गांवोगांवच्या जत्रा असतात. त्या दिवसांत दहा माणसें मोकळीं काढणेंही जड जातें. म्हणून कामाची वांटणी अशी करावी. हिशेबाचें व दप्तराचें काम वैशाखांत, कारण कंपनीच्या हिशेबनीसांची वर्षअखेरची घाई तोंवर ओसरते आणि आपणही मोकळे असतों. चर, बांधबंदिस्ती व झाडांचे खड्डे एप्रिल-मेमध्यें, तेही सकाळीं सहा ते नऊच; उन्हांत शहरच्या माणसास राबवून त्यास घेरी आणविण्यांत पुरुषार्थ नाहीं. रोपें जमीन दोनदां चांगली भिजल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलैमध्यांत. आणि त्या रोपांस पाणी घालण्याची पाळी पुढील दोन उन्हाळ्यांत, हें कंपनीकडून आधींच कबूल करून घ्यावें. लावणाराच पाणी घालावयास आला म्हणजे त्याला रोपाची किंमत कळते.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आहें, तेव्हां जमिनीच्या बाबतींत जरा अधिक लिहिलें तर वाचक क्षमा करतील. काम कोणत्या जमिनींत व्हावयाचें तिचा गट नंबर व सात-बाराचा उतारा पाहिल्याशिवाय एक कुदळ मारूं देऊं नये. 'गांवची पडीक जमीन' असें तोंडी म्हणतात, ती पुष्कळदां गायरान निघते. गायरान हें सरकारी मालकीचें असून गांवच्या गुरांकरितां राखलेलें असतें. तें सांभाळण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे, देऊन टाकण्याचा नाहीं. त्यास तारेचें कुंपण घालून कंपनीनें वन केलें म्हणजे गांवांतील ज्याला बांध नाहीं, फक्त चार शेळ्या आहेत, त्याचा चारा बंद होतो. असला मनुष्य ग्रामसभेंत बोलत नाहीं; तो रात्रीं तार कापतो. तेव्हां त्यालाच आधीं बोलावून कोणता भाग केव्हां बंद ठेवावयाचा व कोणता चराईस खुला ठेवावयाचा हें ठरवावें. वनखात्याची जमीन असेल तर त्या खात्याच्या लेखी परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. नाल्यांतील काम असेल तर तो नाला व त्यावरील बंधारा कोणत्या खात्याकडे आहे हें विचारावें, नाहीं तर पहिल्याच पुरांत बांध फुटून खालच्या शेतांत माती गेली म्हणजे भरपाई कोण देणार, हा तंटा वर्षानुवर्षें चालतो.

खासगी शेताच्या बांधावर झाडें लावून देण्यास कंपन्या फार उत्सुक असतात. त्यास हरकत नाहीं, पण झाड कोणतें हें शेतकऱ्यानें ठरवावें. झाडें तोडण्याच्या नियमनाचा महाराष्ट्रांत १९६४ सालचा कायदा आहे, व त्याच्या परिशिष्टांतील साग, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीशिवाय तोडतां येत नाहींत. बांधावर साग लावून घेणाऱ्यानें वीस वर्षांनंतरचा हा अर्जविनंतीचा व्यवहार आजच मनांत धरावा. तसेंच शेजाऱ्याच्या बांधालगत सावली पडणार असेल तर त्याची संमति घ्यावी. आपल्या गटांत कंपनीच्या नांवाचा दगड अगर फलक बसवूं देणें न देणें ही ज्याची त्याची मर्जी. मी स्वतः देणार नाहीं.

आतां कंपनीच्या अधिकाऱ्यांस दोन शब्द, कारण हें मासिक त्यांच्यापैकींही कांहींजण वाचतात. नोकरांस श्रमदानास पाठवितांना वरिष्ठांनीं हजेरी घेऊं नये. आपल्या मुलखांत वेठबिगार काय असते हें वडीलधाऱ्या माणसांस सांगावें लागत नाहीं, आणि राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें ती बंद केली आहे. 'येणें ऐच्छिक आहे, मात्र न येणाऱ्याचें नांव कळवावें' असा हुकूम काढला म्हणजे तें स्वेच्छाकार्य उरत नाहीं. असा हुकमी मनुष्य चराच्या कडेला मोबाइल पाहत उभा राहतो, व गांवच्या पोरांस त्याचें हसूं येतें. कामाच्या दिवशींची सुटी भरपगारी द्यावी; हक्काच्या रविवारीं बोलवावयाचें तर बदली रजा द्यावी. गांवाशीं बोलण्यास एकच मनुष्य नेमावा व त्याची बदली झाल्यास नवा मनुष्य आधीं गांवीं आणून भेटवावा. येण्यापूर्वीं कोणी तरी येऊन गांवाला विचारावें कीं, तुम्हांस काय हवें. बहुतेक ठिकाणीं हा प्रश्नच विचारला जात नाहीं. स्त्री-कर्मचारी येणार असतील तर शौचकूपाची सोय पाहावी. विंचूसापाचा मुलूख आहे, तेव्हां जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाची लस आहे कीं नाहीं हें आदल्या दिवशीं विचारून ठेवावें, एक गाडी रिकामी उभी ठेवावी, आणि अपघाताचा विमा उतरवावा. शाळेंतल्या मुलांचीं छायाचित्रें आईबापांस विचारल्याशिवाय काढूं नयेत व छापूं नयेत. जेवण गांवकऱ्यांनीं घातलें तर आनंदानें जेवावें, पण शिधा आपला आणावा. दुष्काळी गांवाला दोनशें पानांचा पाहुणचार जड जातो, आणि तें तो बोलून दाखवीत नाहीं.

कामाची नोंद ठेवणें हा भाग कंटाळवाणा खरा, पण त्यावांचून दुसऱ्या वर्षीं कोणी आपल्याला दारांत उभें करीत नाहीं. रोजगार हमीच्या कामावर जसा हजेरीपट व मापाचें पुस्तक असतें तसेंच येथें ठेवावें. हजेरीपटांत पाहुणे किती व गांवकरी किती हें निरनिराळें लिहावें, तासही लिहावे. मापपुस्तकांत चराची लांबी, रुंदी, खोली. रोपांची संख्या व जात. दप्तराचें काम असल्यास कोणत्या तारखेस कोणतें विवरण दाखल झालें. माप घेणारा तिऱ्हाईत असावा, ग्रामसेवक अगर शाळामास्तर चालेल. मग एक वर्षानें त्याच जागीं जाऊन तेंच माप पुन्हां घ्यावें: चर किती गाळानें भरला, रोपें किती जगलीं, शिकविलेला तरुण एकट्यानें विवरण भरतो कीं नाहीं. कंपनीला पाठवावयाचा अहवाल हा दुसऱ्या मापाचा असावा. पांचशें रोपें लावलीं ह्या वाक्यापेक्षां तीनशें दहा जगलीं हें वाक्य मोठें आहे, आणि समजूतदार अधिकारी तें ओळखतात.

कराराची मुदत निदान तीन वर्षांची मागावी. एका वर्षाच्या कामांत ओळख होते, दुसऱ्यांत चुका दिसतात, काम खरें तिसऱ्या वर्षीं होतें. पुष्कळ कंपन्या दरवर्षीं नवें गांव घेतात, कारण नव्या गांवाचें उद्घाटन करतां येतें. त्यांस भिडस्तपणानें हो म्हणण्यापेक्षां ज्या कंपनीचीं पांचच माणसें पण तीं तीन वर्षें येतील तिची निवड करावी.

अर्ज केव्हां करावा? नियमांत २०२१ सालीं झालेल्या दुरुस्तीपासून कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या समितीस वर्षाची कामांची योजना आधीं आंखून संचालक मंडळापुढें ठेवावी लागते. सबब आपला अर्ज पौष-माघांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारींत, कंपनीच्या हातीं पडावा. एप्रिल उलटल्यावर गेलेला अर्ज बहुधा पुढील वर्षाच्या फायलींत जातो. नुसतीं माणसें हवीं असतील तर अर्जास ग्रामसभेचा अगर संस्थेच्या पंचमंडळाचा ठराव, जमिनीचे उतारे, कामाचें एका पानाचें वर्णन, किती माणसें, कोणत्या विद्येचीं व कोणत्या महिन्यांत हवीं, आणि गांव स्वतः काय करणार, इतकें जोडलें म्हणजे पुरे. पैसाही हवा असेल व तो संस्थेच्या नांवें घ्यावयाचा असेल, तर संस्थेची नोंदणी मंत्रालयाकडे 'सी. एस. आर.–१' ह्या नमुन्यांत झालेली असली पाहिजे, ता. १ एप्रिल २०२१ पासून ही अट आहे. त्याशिवाय आयकर कायद्याखालील सवलतीची नोंदणी व अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. हे कागद नसतील तर पैशाचा हट्ट धरूं नये. काम कंपनीनें परस्पर करावें व मापपुस्तकाची एक प्रत आपल्या दप्तरीं ठेवावी. अर्जाची पोंच तारीख-शिक्क्यासह घेण्यास मात्र विसरूं नये.